गावची चव मुंबईत येते कुठून आणि टिकते कशी

माटुंग्याला केळीच्या पानावर रसम-भात मिळतो, लालबागला मालवणी मसाला डोळ्यासमोर कांडून मिळतो, चेंबूर कॅम्पात सकाळी दाल-पकवान आणि कालिन्याच्या गल्लीत बांबूचे कोंब घातलेलं पोर्क. हे सगळं एका शहरात कसं काय, असं विचारलं की बहुतेक लोक म्हणतात, मुंबईत काय, सगळंच मिळतं. मला हे उत्तर पटत नाही. मुंबईत सगळं मिळत नाही. ज्या गावचे लोक पुरेसे एका जागी राहिले, ज्यांना सामान गावाहून आणता आलं आणि ज्यांना परवडेल अशी जागा मिळाली, त्यांचंच जेवण मिळतं, बाकीच्यांचं घरात चार भिंतींत राहतं किंवा विसरलं जातं. म्हणजे चवीच्या मागे एक पूर्ण यंत्रणा असते आणि ती कशी चालते ते आज नीट समजून घेऊ.

आधी जिभेचं बघू, कारण घरच्या चवीची ओढ म्हणजे नुसते मनाचे खेळ असं बऱ्याच जणांना वाटतं. जिभेला कळतं ते थोडंच, गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोत जो एक भरीवपणा लागतो तो, तिखट म्हणजे तर चव सुद्धा नाही, ती जळजळ. बाकी आपण ज्याला चव म्हणतो तो बहुतेक वास असतो, घास चावताना तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढणारा. आणि बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी एका मधल्या केंद्रात जातात आणि मग पुढे वाटले जातात, वासाचा निरोप मात्र भावना आणि आठवणी जिथे घडतात त्या भागांपर्यंत जवळपास थेट पोचतो. म्हणून तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण समोर आलं की माणूस एकदम गप्प होतो आणि कारण विचारलं तर त्याला सांगता येत नाही. हे सुरूही फार लवकर होतं. २००१ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात गरोदरपणात गाजराचा रस पिणाऱ्या बायकांच्या बाळांना पुढे गाजराची चव असलेलं खाणं जास्त आवडलं असं दिसलं. म्हणजे आईने जे खाल्लं त्याची ओळख जन्माच्या आधीच होते. तेव्हा परगावी आलेला माणूस ‘इथलं जेवण जात नाही’ म्हणतो तेव्हा तो नखरे करत नसतो.

आता गिरणगाव. इथे जरा जास्त थांबणार आहे कारण माझ्या मते मुंबईतल्या परगावच्या जेवणाचा सगळा हिशेब इथे उघडा दिसतो.

१८५४ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा सगळीकडे भोंगे वाजायला लागले. कामगार आले ते रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, कोल्हापुरातून. बहुतेक पुरुष एकटेच यायचे, बायको-पोरं गावी, कारण एका पगारात मुंबईत संसार होत नव्हता आणि गावच्या शेतीलाही हात लागत होते. एका खोलीत एकाच गावचे खूप जण, पहिली पाळीवाला कामाला गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर झोपणार, अशा खोलीत चूल कोण पेटवणार आणि कधी? मग खानावळ. बोर्ड नाही, टेबल-खुर्ची नाही, चाळीतल्या एखाद्या बाईने आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत मेंबर धरायचे आणि दोन वेळचं जेवण घालायचं. ती बाई बहुतेक वेळा स्वतः कामगाराची बायको किंवा विधवा. आणि मेंबर शक्यतो आपल्याच भागातले, कारण कोकणातल्या माणसाला भात आणि आंबट-तिखट माशाचं कालवण लागतं आणि घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास, एकाच भांड्यात दोघांचं समाधान होत नाही. म्हणजे जेवणावरून गावकी टिकली आणि गावकीवरून खानावळ टिकली.

पण खरी समजून घ्यायची गोष्ट पुढे आहे, पैशाची. गिरणी पगार महिन्याने देणार. भूक रोज लागणार. मधल्या तीस दिवसांचा तांदूळ, रॉकेल, मासळी, नारळ याचे पैसे कोण घालणार? खानावळवाली. पगार झाला की मेंबर हिशेब करणार, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा करणार, कधी अर्धेच देणार. तोवर ती वाण्याकडून उधारीवर उचलणार, वाण्याने तगादा लावला की सावकाराकडे जाणार, भांडी नाहीतर मंगळसूत्र गहाण टाकणार. सरळ भाषेत सांगायचं तर गिरण्यांचा महिनाभराचा पगार या बायका आपल्या कर्जावर आगाऊ पुरवत होत्या आणि त्यांच्या या कामाची नोंद कुठल्याच गिरणीच्या वहीत नव्हती. संप झाला की तर विचारायलाच नको, मेंबरकडे पैसे नाहीत आणि ‘तू जेवू नको’ असं म्हणायची हिंमत कुठल्या बाईला होते? प्रेमा पुरव यांनी, गोवा मुक्ती लढ्यातून आणि नंतर डाव्या कामगार चळवळीतून आलेल्या, हे सगळं जवळून पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या बायकांकडे तारण म्हणून द्यायला काही नव्हतं, तेव्हा बायकांचे गट करून एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवायचं, म्हणजे सावकार सुटतो. आज ज्याला आपण बचत गट, मायक्रोफायनान्स वगैरे म्हणतो ते मुंबईत खानावळीच्या चुलीपाशी इतक्या लवकर चालू झालं होतं, आणि शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खूप मेंबर गावी गेले ते परत आलेच नाहीत, गिरण्या एकेक करून बंद, आणि मेंबर नाही तर खानावळ नाही. चव तीच होती, हातही तोच होता, फक्त रांगेत बसणारं गाव उठून गेलं.

इथे एक टप्प्यांची गोष्ट लक्षात घ्या, ती जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने दिसते. सुरुवातीला एकटे पुरुष येतात तेव्हा खानावळ किंवा मेस लागते, पोटासाठी. मग बायको-मुलं येतात, घरात चूल लागते, आणि खानावळीची गरज कमी होऊन दुकानाची वाढते, कोकम, तिरफळ, सुके बोंबील, उकडा तांदूळ, आणि मसाला कांडायची सोय. लालबागची मसाल्याची दुकानं बघा, मे महिन्यात तिथे वर्षाचा मसाला करून घ्यायला अख्खी कुटुंबं येतात, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, आईने लिहून दिलेल्या चिठ्ठ्या हातात. आणि तिसरा टप्पा मुलांचा, जी इथेच वाढली, ज्यांना मालवणी जेवण आवडतं पण नारळाचं वाटप काढायला वेळ नाही, त्यांच्यासाठी रेस्टॉरंट येतं. दादरची सिंधुदुर्ग, चैतन्य अशी हॉटेलं या टप्प्यातली. रविवारी आई-वडील, मुलगा-सून, नातवंडं असं सगळं कुटुंब सुरमई थाळीसाठी बाहेर वाट बघत उभं असतं. आजोबा कधी काळी खानावळीत नाइलाजाने जेवत होते, नातू तेच हौसेने मागवतो.

माटुंग्याची गोष्ट दुसरी. १८९६ च्या प्लेगनंतर शहर मोकळं करायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याला नवीन प्लॉट, रुंद रस्ते, आणि पुढच्या काळात तिथे दक्षिणेतून आलेले कारकून, टायपिस्ट, अकाउंटंट राहायला आले. इंग्रजी शिकलेली तरुण मुलं, पगार ठरलेला, धर्माने-रिवाजाने बाहेरचं जेवण चालत नाही असे बरेच. त्यांच्यासाठी आली बोर्डिंगं, म्हणजे कूपन घ्यायचं, पंगतीत बसायचं, पोटभर जेवायचं. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, कॅफे मद्रास १९४० चं, दोन्ही आजही चालू. उडुपीचेच लोक यात पुढे का, तर उडुपीला मध्वाचार्यांच्या परंपरेचा कृष्ण मठ, तिथे रोज मोठ्या पंक्तींचा स्वयंपाक, त्यामुळे शेकडो माणसांचं एकसारखं जेवण वेळेवर काढायचं कौशल्य त्या भागात आधीच होतं. शिवाय १९२३ च्या मोठ्या पुराने दक्षिण कन्नड जिल्ह्यातली शेती बुडाली आणि खूप पोरं मुंबईला निघाली, हॉटेलात कपबशी विसळत रात्रशाळेत शिकली आणि त्यातलेच काही पुढे मालक झाले. सत्तरच्या दशकात कर्नाटकात कूळकायदा कडक झाला तेव्हा जमिनी गेलेल्या बंट घराण्यांतूनही बरेच जण आले, आपण ज्यांना सरसकट शेट्टी म्हणतो ते.

आणि इथे निसर्गानेही साथ दिली. इडलीचं पीठ आंबतं ते त्यातल्या जिवाणूंमुळे आणि त्यांना ऊब लागते. उडुपी आणि मुंबई दोन्ही एकाच किनाऱ्यावर, दमट, उबदार, त्यामुळे रात्री भिजवलेलं सकाळी फुगतं. हेच पीठ डिसेंबरात पुण्यात किंवा दिल्लीत रुसून बसतं हे आपल्या घराघरात माहीत आहे.

पण उडुपीवाल्यांनी शहराला जे खिलवलं ते त्यांच्या घरचं सगळं जेवण होतं का? नाही. मठाच्या वळणाचं, कांदा-लसूण टाळता येणारं शाकाहारी जेवण त्यांनी पुढे आणलं, जे गुजराती, जैन, मराठी सगळ्यांना चाललं, आणि मग गिऱ्हाईक मागेल तसं त्यात पावभाजी आली, चायनीज आलं. किनाऱ्यावरची दुसरी घरची चव, म्हणजे माशाची गस्सी (नारळाच्या वाटणातला रस्सा), नीर डोसा, कोरी रोटी (तांदळाच्या कुरकुरीत रोटीवर कोंबडीचा रस्सा), ती वेगळ्या ठिकाणी राहिली, फोर्टातल्या लंच होममध्ये. तिथे बँका आणि ऑफिसं होती, आणि कॅनरा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, विजया या चारही बँका १९०६ ते १९३१ या काळात त्याच एका दक्षिण कन्नड भागात सुरू झालेल्या. त्या भागातला माणूस मुंबईत नोकरी करायला लागला की दुपारी जेवायला कुठे जाणार हे सांगायला नको.

तर परगावच्या माणसाच्या हॉटेलचे दोन प्रकार असतात, एक आपल्या लोकांसाठी आणि एक शहरासाठी, आणि दोन्हींचा मेनू सहसा एक नसतो. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते इराण्याकडे. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून आलेले हे लोक, तिथला दुष्काळ, गरिबी आणि धर्मावरून होणारा त्रास यातून निघालेले. त्यांनी मुंबईत नाक्यानाक्यावर कॅफे टाकले, पण त्यात दिलं काय? ब्रून मस्का, दुधाचा चहा, ऑम्लेट, खिमा. यातलं बहुतेक इराणच्या घरातलं नाही, इराणात चहा बिनदुधाचा. कामगार, ड्रायव्हर, विद्यार्थी, ज्याला स्वस्तात बसायला जागा हवी त्याच्यासाठी ते जेवण घडलं. आपल्या घरची आठवण मात्र एखाद्याच पदार्थात जपली, बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात, जे १९२३ पासूनचं आहे, बेरी पुलाववर ज्या लाल आंबट बेऱ्या येतात त्या इराणहून मागवलेल्या असतात. एक मूठभर सुकामेवा समुद्रापलीकडून आणत राहायचं, युद्ध असो की निर्बंध, याला मी धंदा म्हणणार नाही, नुसत्या धंद्यासाठी कोणी इतकं करत नाही.

चाकरमान्याला गाव होतं. शिमग्याला, गणपतीला जायचं, येताना फणस, कोकम, कुळीथ आणायचं, आधी बोटीने, मग एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने. ज्यांना परत जायला गावच उरलं नाही त्यांचं काय? १९४७ नंतर सिंधी कुटुंबं आली ती कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत, जिथे १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, आणि चेंबूर कॅम्पात. सिंधू नदीचा पल्ला मासा पलीकडे राहिला. मग नर्मदेच्या मुखाशी, भरूचकडे मिळणारी तीच जात शोधून काढली, त्याला आपल्याकडे पाला म्हणतात. कमळकाकडी, ज्याला ते भे म्हणतात, ती उल्हासनगरच्या बाजारात यायला लागली. दाल-पकवान, सिंधी कढी, साई भाजी, पापड हे सगळं बायकांनी छावणीतल्या बराकीत करायला घेतलं, घरात खायला आणि विकायलाही, कारण विकल्याशिवाय घर चालत नव्हतं. तिसऱ्या पिढीतल्या सिंधी मुलाला सिंध म्हणजे नकाशावरची एक जागा असते, तिथे तो जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी ते गाव म्हणजे रविवारची कढी आणि कॅम्पातलं ते दुकान. सायन कोळीवाड्याला असेच पंजाबी निर्वासित वसवले गेले. त्यांनी बेसन-ओवा-तिखटात मासे आणि कोळंबी तळून विकायला सुरुवात केली, आणि प्रॉन्स कोळीवाडा म्हणून जे देशभर मेनूकार्डावर असतं ते या वस्तीच्या नावाने. पंजाबातल्या पद्धतीने नदीतला मासा तळायचा हात मुंबईच्या कोळंबीवर बसला. मूळ कोळी बायकांच्या घरी कोळंबी अशी करत नाहीत हे पण सांगून ठेवते, कोळ्यांवर अन्याय नको.

आता जागा. ही बाजू कोणी बोलत नाही आणि माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीला गोठवली. त्याचे तोटे खूप झाले, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, इमारती खचल्या, पगडीचा व्यवहार वाढला. पण त्याचमुळे एखादा इराणी किंवा बोर्डिंगवाला मोक्याच्या नाक्यावर अतिशय कमी भाड्यात राहू शकला आणि थाळी स्वस्त ठेवू शकला. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की हे गणित संपतं. नवीन गाळा मिळाला तरी त्याचा मेंटेनन्स, मधली काही वर्षं बंद ठेवायचा तोटा, पांगलेले कामगार, आणि मुलगा म्हणतो बाबा भाड्याने देऊन टाकू, बँकेचं एटीएम येतंय. त्याचंही चुकत नाही. म्हणून एखादं जुनं हॉटेल बंद पडलं की ‘लोकांची आवड बदलली’ असं पटकन म्हणू नये, बहुतेक वेळा गर्दी शेवटच्या दिवसापर्यंत असते.

आणि आज जे नवीन येतायत त्यांच्याकडे ना गोठवलेलं भाडं, ना आपल्या वस्तीची चाळ. ईशान्येकडची मुलं-मुली कालिन्यात, वाकोल्यात राहतात, एअरपोर्ट आणि हॉटेलांतल्या नोकऱ्या जवळ म्हणून. त्यांची अडचण अशी की स्वयंपाक येतो, सामानही कुरिअरने येतं, पण भाड्याच्या घरात करता येत नाही. आंबवलेलं सोयाबीन, ज्याला नागालँडमध्ये अखुनी म्हणतात, किंवा सुकी मासळी शिजवली की शेजारी तक्रार करतात. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती, त्यात अखुनी, बांबूचे कोंब असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न देता करा असा सल्ला छापला होता. मराठी माणसाने यावर नाक मुरडायच्या आधी आठवावं की मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये सुकट भाजणाऱ्या कोकणी कुटुंबालाही हेच ऐकावं लागतं, आणि मच्छी खाता का असं विचारून घर नाकारतात. अशा वेळी छोटं हॉटेल म्हणजे नुसती जेवायची जागा राहत नाही, तिथे आपला वास कोणाला खुपत नाही. दोन टेबलांची जागा असली तरी तिथे सुट्टीच्या दिवशी लोक तासन्‌तास बसलेले असतात ते म्हणून.

आपले लोक बाहेर गेले तिथेही वेगळं काही घडत नाही. लंडनच्या हाऊन्स्लोला, हीथ्रो विमानतळाच्या बाजूला, २०१० मध्ये सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी श्रीकृष्ण वडापाव सुरू केलं, मंदीत नोकरीची पंचाईत झाल्यावर. जागा तीच का चालली असेल बघा, आजूबाजूला आधीपासून भारतीय वस्ती, सामान मिळणारी दुकानं हाताशी. हेच एखाद्या लांबच्या इंग्रज खेड्यात टाकलं असतं तर बटाटेवडा कितीही चांगला असता तरी दुकान चाललं असतं असं मला वाटत नाही.

मुंबई-पुण्यात मात्र एक जुनी पद्धत, खानावळीची, नव्या रूपात परत आलीय. डोंबिवली, ठाणे, पिंपरी-चिंचवड, हडपसर, जिथे नवीन बिल्डिंगा झाल्या तिथे बायका घरातून वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी, सिंधी, बंगाली जेवणाच्या ऑर्डर घेतात. गुरुवारी ग्रुपवर मेसेज पडतो, रविवारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, किंवा वडे-सागोती, नाव नोंदवा. गाळ्याचं भाडं नाही, नोकर नाही, जळगावची माणसं एका टाउनशिपमध्ये किती आहेत हे ग्रुपवरूनच कळतं, आणि नागलीचे पापड किंवा शेवग्याच्या शेंगा गावाहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतात. फरक एकच पण फार मोठा. इथे पैसे आधी येतात, शनिवारी रात्रीपर्यंत फोनवर, आणि मग ती बाजारात जाते.